खल, बाटली आणि पुडी : चोपडा परिसरातील औषध घडवण्याच्या कामाचा इतिहास

एका विशिष्ट रुग्णाचे वय, वजन, प्रकृती आणि गिळण्याची ताकद लक्षात घेऊन, वैद्यकाच्या चिठ्ठीबरहुकूम त्या एका रुग्णापुरते औषध तयार करणे, याला औषधनिर्माणशास्त्रात कंपाउंडिंग म्हणतात. अमेरिकेत या कामासाठी आज स्वतंत्र औषधशाळा चालतात आणि ते एक वेगळे, वरच्या दर्जाचे कौशल्य मानले जाते. भारतात मात्र हेच काम विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा-सात दशकांत तालुक्याच्या गावातील जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात रोज होत असे, आणि नंतर एका पिढीच्या काळात ते बहुतेक ठिकाणांहून नाहीसे झाले. जळगाव जिल्ह्यातील चोपडा हे या स्थित्यंतराचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. तालुक्याच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस तापी असल्यामुळे येथे हिवतापाचा जंगलपट्टा, काळ्या मातीतील शेतकरी गावे आणि बाजारपेठेचे शहर ही तिन्ही जगे एका दिवसाच्या वाटेवर येतात, आणि या तिन्ही जगांतील माणसांना एकाच मापाचे औषध कधीच पुरेसे पडलेले नाही.

रुग्णागणिक औषध बदलण्याची कल्पना इंग्रजी दवाखान्यांबरोबर आली, असे समजणे चुकीचे ठरेल. आयुर्वेदाच्या ज्या ग्रंथात औषधे बनवण्याची शिस्त सर्वांत नेटकी मांडली आहे, त्या शार्ङ्गधरसंहितेत स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट या पाच मूळ कल्पना, म्हणजे वनस्पतीपासून औषध काढण्याच्या पाच रीती, सांगितल्या आहेत. त्याबरोबरच मात्रेचा, म्हणजे औषधाच्या प्रमाणाचा, वयाशी असलेला हिशेबही दिला आहे. एक महिन्याच्या बाळाला एक रत्ती, पुढे वर्ष पूर्ण होईपर्यंत दर महिन्याला एकेक रत्तीची वाढ, त्यानंतर सोळाव्या वर्षापर्यंत दर वर्षाला एकेक माष, मग सत्तरीपर्यंत मात्रा स्थिर आणि सत्तरीनंतर पुन्हा लहान मुलाप्रमाणे हळूहळू कमी, असा हा क्रम आहे. उतारवयात औषध कमी करावे लागते, ही गोष्ट या हिशेबात मुळापासून धरलेली आहे, आणि ती त्याची मोठी थोरवी आहे. मात्रेच्या जोडीला अनुपान येते. अनुपान म्हणजे ज्याच्याबरोबर औषध घ्यायचे तो पदार्थ. मध, तूप, दूध, ताक, आल्याचा रस किंवा नुसते कोमट पाणी. एकच भस्म दोन रुग्णांना दोन अनुपानांतून देणे हा वैद्याच्या रोजच्या व्यवहाराचा भाग होता, आणि त्यासाठी लागणारा खल त्याच्या बैठकीजवळच असे.

या विद्येचा सर्वांत घरगुती आणि कदाचित सर्वांत काटेकोर आविष्कार म्हणजे बाळगुटी होय. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा, खारीक, बदाम अशी द्रव्ये सहाणेवर आईच्या दुधात किंवा पाण्यात उगाळायची, आणि प्रत्येक द्रव्याचे किती वेढे घ्यायचे ते बाळाचे वय व त्या दिवसाची तक्रार पाहून ठरवायचे, अशी ही पद्धत आहे. पोटात कळ येत असेल तर मुरुडशेंगेचे वेढे वाढतात, बाळ झोपत नसेल तर जायफळाचे. पण जायफळ जास्त झाले तर बाळ गुंगते, हे जाणत्या बाईला ठाऊक असल्यामुळे ती तेथे हात आखडता घेते. वेढा हे माप तराजूचे नसले तरी ते माप आहे, ते एका बाळापुरते आहे आणि रोज नव्याने ठरते. आधुनिक बालरोगशास्त्राचे गुटीबद्दलचे आक्षेप, विशेषतः सहाणेच्या स्वच्छतेबद्दलचे आणि पहिल्या सहा महिन्यांत बाळाला आईच्या दुधाव्यतिरिक्त काहीही देण्याबद्दलचे, रास्त आहेत. मात्र औषध माणसागणिक बदलते ही समज समाजात किती खोल रुजलेली होती, याचा तो स्पष्ट पुरावा आहे.

खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी दवाखाने हळूहळू जिल्ह्यात पसरले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा चोपडा पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात राहिले. त्या आधीच सुरत-भुसावळ मार्गावरील रेल्वे अमळनेर आणि धरणगाव या गावांवरून सुरू झालेली होती. चोपड्याला मात्र रेल्वे आली नाही आणि गाव तापीच्या पलीकडेच राहिले. या भूगोलाचा औषधांशी जवळचा संबंध आहे. तापीला पूर असताना लवकर न मिळणाऱ्या तयार औषधापेक्षा, महिनोन्महिने टिकणाऱ्या मूळ द्रव्यांचा साठा बाळगून लागेल तसे औषध बनवणे, हेच अशा गावातील दवाखान्याला परवडणारे होते. क्विनीन सल्फेट, सोडा बायकार्ब, मॅग्नेशियम सल्फेट, बिस्मथ, गंधक, बोरिक पावडर, टिंक्चर आयोडीन, ग्लिसरीन आणि पेपरमिंटचा अर्क एवढी सामग्री कपाटात असली की गावातील बहुतेक आजारांना तोंड देता येत असे.

मुंबईत १९१२ साली कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था निघाली आणि तिची एल.सी.पी.एस. ही पदविका घेतलेले डॉक्टर तालुक्यांच्या गावी स्थायिक होऊ लागले. १९३८च्या मुंबई वैद्यक व्यावसायिक कायद्याने आयुर्वेद आणि युनानी वैद्यांचीही नोंदणी सुरू केली. डॉक्टर कोणत्याही पदवीचा असो, त्याच्या दवाखान्यात लाकडी पडद्याआड एक माणूस उभा असे आणि त्याला सारे गाव कंपाउंडर म्हणून ओळखत असे. तो बहुधा सातवी किंवा मॅट्रिकपर्यंत शिकलेला असे. काहींनी सरकारी परीक्षा दिलेली असल्यामुळे त्यांना क्वालिफाइड कंपाउंडर म्हणत, परंतु बहुसंख्यांनी हे काम डॉक्टरच्या हाताखाली पाहून पाहूनच उचललेले असे. डॉक्टर चिठ्ठीवर लॅटिन शब्दांची आद्याक्षरे लिही, आणि लॅटिनचा गंधही नसलेला हा माणूस टी.डी.एस. म्हणजे दिवसातून तीन वेळा हे नेमके जाणून औषध तयार करी.

त्याच्या कामाचे बारकावे नोंदवून ठेवण्यासारखे आहेत, कारण ते आता पाहायला मिळत नाहीत. नेहमीची मिश्रणे, म्हणजे वाताचे पांढरे मिक्श्चर, जुलाबाचे मिक्श्चर, खोकल्याचे तपकिरी मिक्श्चर, मोठ्या बरण्यांत दाट करून ठेवलेली असत आणि त्यांना स्टॉक मिक्श्चर म्हणत. रुग्णाने घरून धुऊन आणलेल्या बाटलीत यातील ठरावीक भाग मोजपात्राने ओतला जाई, डॉक्टरने सांगितलेले जादा द्रव्य त्यात मिसळले जाई आणि मग खुणेपर्यंत पाणी भरले जाई. बाटलीवर खुणा नसल्यामुळे कागदाची अरुंद पट्टी दुमडून कात्रीने दोन्ही कडांना खाचा पाडत आणि ती खळीने बाटलीला चिकटवत. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. अक्षरओळख नसलेल्या रुग्णालाही ही पट्टी वाचता येई, आणि मोठ्या माणसाच्या बाटलीवर सहा व लहान मुलाच्या बाटलीवर बारा खाचा करून मात्रेचा फरक सरळ डोळ्यांपुढे ठेवता येई.

क्विनीनचे मिश्रण हे त्याहून अवघड काम होते. सातपुड्याच्या पायथ्याशी हिवतापाची साथ पावसाळ्यानंतर ठरलेली असे, आणि क्विनीन सल्फेट पाण्यात फारसे विरघळत नाही. ते विरघळवण्यासाठी आधी सौम्य गंधकाम्लाचे थेंब घालावे लागत. आम्लानंतर चुकून सोडा पडला तर विरघळलेले क्विनीन पुन्हा सुटून तळाशी बसे. द्रव्यांच्या अशा आपसातील वैराला औषधशास्त्रात विसंगती म्हणतात. स्ट्रिक्नीन या कुचल्यातील विषाचा क्षार अतिसूक्ष्म मात्रेत शक्तिवर्धक म्हणून दिला जाई. तो पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर एका बाटलीत आला की साका होऊन तळाशी बसतो, पहिले डोस निरुपद्रवी जातात आणि शेवटच्या डोसात साऱ्या बाटलीचे विष एकवटते. ‘बाटली हलवून घ्यावी’ ही सूचना ज्या अनेक मिश्रणांवर चिकटवली जाई, तिच्यामागे असे प्राणावरचे प्रसंग होते.

पुड्या बांधण्याचीही एक पद्धत होती. एका मुलाला द्यायचे तीव्र औषध ग्रेनच्या अंशात, म्हणजे ६५ मिलिग्रॅमच्याही अंशात असे आणि तेवढे काट्यावर नीट तोलता येत नसे. म्हणून ते आधी तेवढ्याच दुग्धशर्करेत खलात घोटत, मग झालेल्या मिश्रणाइतकीच दुग्धशर्करा पुन्हा घालत, आणि असे दुणावत नेऊन औषध साऱ्या चूर्णात सारखे पसरवत. त्यानंतर चूर्णाचा ढीग पाटीवर सपाट करून त्याचे समान भाग पाडले जात आणि प्रत्येक भाग पांढऱ्या कागदाच्या चौकोनात घडी घालून बंद होई. दुणावण्याची पायरी घाईत गाळली तर एका पुडीत औषध अजिबात नसे आणि दुसरीत दुप्पट असे, म्हणून चांगला कंपाउंडर गर्दीच्या वेळीही ही पायरी सोडत नसे.

मुलाची मात्रा ठरवण्यासाठी इंग्रजी पद्धतीत यंगचे सूत्र वापरले जाई. मुलाच्या वयाला, त्या वयात १२ मिळवून येणाऱ्या संख्येने भागायचे आणि येणाऱ्या अपूर्णांकाने प्रौढाची मात्रा गुणायची. सहा वर्षांच्या मुलासाठी हा अपूर्णांक सहा भागिले अठरा, म्हणजे एक तृतीयांश येतो. प्रौढाला क्विनीनचे १० ग्रेन असतील तर या मुलाला साधारण सव्वातीन ग्रेन. क्लार्कचे दुसरे सूत्र मुलाच्या वजनाला १५० पौंडांनी भागते आणि ते अधिक न्याय्य आहे, कारण सातपुड्यातील कुपोषित सहा वर्षांचे मूल आणि शहरातील गुटगुटीत सहा वर्षांचे मूल वयाने एकच असले तरी औषधाच्या दृष्टीने एक नव्हेत. मलमांनाही हाच नियम लागू होता. अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्यात त्वचारोगासाठी स्नान करण्याची या भागात परंपरा आहे. दवाखान्यात खरजेवर गंधकाचे मलम मिळे, मोठ्यांसाठी शेकडा १० आणि तान्ह्या मुलांसाठी त्याच्या निम्म्या तीव्रतेचे, आणि ते तेथेच पाटीवर पात्याने घोटून तयार होई.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्यातील दोष झाकता येणार नाहीत. १९३० साली हिंदुस्थान सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली आणि तिचा अहवाल १९३१ साली आला. बाजारात भेसळीची व हीन प्रतीची औषधे सर्रास विकली जातात, देशात औषधनिर्मितीचा मान्यताप्राप्त व्यवसायच नाही आणि ती पोकळी कंपाउंडर नावाचा अल्पशिक्षित वर्ग भरून काढतो आहे, असे चित्र या समितीने मांडले. हे निदान अचूक होते. त्यातूनच १९४० साली औषधे कायदा आला आणि ४ मार्च १९४८ रोजी फार्मसी कायदा अस्तित्वात आला. या दुसऱ्या कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्ट हा नवा वर्ग निर्माण केला, परंतु पहिल्या नोंदवहीत पाच वर्षे औषधे बनवण्याचा अनुभव असलेल्या कंपाउंडरांनाही जागा दिली. अनुभवाला अशी कायदेशीर मान्यता देण्यातला शहाणपणा उल्लेखनीय आहे, कारण त्यांना एका फटक्यात बाहेर काढले असते तर तालुक्यातालुक्यांतील दवाखाने बंद पडले असते. चिठ्ठीवरून औषध बनवण्याचे व देण्याचे काम फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करावे असे सांगणारे याच कायद्याचे ४२वे कलम प्रत्यक्षात अमलात येण्यास १९८४ साल उजाडले; त्यातही डॉक्टरने स्वतःच्या रुग्णांना औषध देण्याची मुभा कायम राहिली, आणि आयुर्वेदाच्या वैद्यांना व हकिमांना स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवण्याची सूट औषधे कायद्याने ठेवली.

कायद्याने कंपाउंडरची जागा घेणारा फार्मासिस्ट उभा केला, पण तो उभा राहीपर्यंत काम पालटले होते. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच बनू लागले. त्यापुढच्या दोन-तीन दशकांत खासगी कारखान्यांच्या गोळ्या, कॅप्सूल आणि सिरप खेड्यापर्यंत पोचले. कारखान्याच्या गोळीत औषध मोजून भरलेले असते, तिच्यावर मुदतीची तारीख असते आणि तिची प्रयोगशाळेत तपासणी झालेली असते. खाचा पाडलेल्या पट्टीच्या बाटलीला यांतले काहीच देता येत नसे. ही प्रगती होती आणि तिने असंख्य जीव वाचवले. मात्र कारखाना ज्या मापात गोळी बनवतो ते माप सरासरी प्रौढाचे असते, आणि जो सरासरी प्रौढ नाही त्याला ती गोळी मोडून घ्यावी लागते.

या स्थित्यंतराची खूण औषधांच्या दुकानांच्या पाट्यांवर अजून वाचता येते, जरी ती वाचणारे थोडे आहेत. औषध नियमावलीप्रमाणे ज्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे आणि चिठ्ठीवरून औषध बनवण्याची सोय आहे, त्यालाच फार्मसी किंवा डिस्पेन्सिंग केमिस्ट असे नाव लावता येते. फार्मासिस्ट आहे पण बनवण्याची सोय नाही, ते केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स. अशी सोय कशी असावी हे नियमावलीच्या ‘एन’ परिशिष्टात सविस्तर दिले आहे: एका फार्मासिस्टसाठी किमान ६ चौरस मीटरचा विभाग, सूक्ष्म तोलाचा काटा, काचेचे आणि चिनी मातीचे खल, मोजपात्रे, पाती, जलऊष्मक, पाणी ऊर्ध्वपातित करण्याचे उपकरण आणि विषारी द्रव्यांसाठी कुलपाचे कपाट. आज गावोगावच्या ज्या दुकानांत हवाबंद पट्ट्यांखेरीज काहीही विकले जात नाही, त्यांच्या पाट्यांवरही मेडिकलच्या जोडीने फार्मसी हा शब्द सर्रास दिसतो, आणि हा शब्द कोणत्या कामाचा हक्कदार आहे याची आठवण विकणाऱ्याला राहिलेली नाही, घेणाऱ्यालाही नाही.

दुसरीकडे औषधशास्त्राचे शिक्षण चोपड्याच्या दारात येऊन पोचले. जळगावला १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले; पुढे चोपड्यात महात्मा गांधी शिक्षण मंडळाचे श्रीमती शरदचंद्रिका सुरेश पाटील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूर येथे आर. सी. पटेल संस्था यांनी या शिक्षणाची केंद्रे उभी केली. येथील विद्यार्थी विसंगती म्हणजे काय ते शिकतात, खलात दुणावत मिसळण्याची कृती प्रयोगवहीत लिहितात, यंग आणि क्लार्क यांची सूत्रे सोडवतात. १९९१च्या शिक्षण नियमांनी पदविकेच्या विद्यार्थ्याला ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे केले आणि त्यातील २५० तास चिठ्ठीवरून औषध देण्याच्या कामासाठी राखले. तरीही पदवी हाती पडल्यावर त्यातील बहुतेकांच्या वाट्याला कपाटातून पट्टी काढून देण्याचे काम येते. जुन्या कंपाउंडरकडे काम होते आणि शिक्षण तोकडे होते. आजच्या फार्मासिस्टकडे शिक्षण आहे आणि ते काम उरलेले नाही. खानदेशातील या व्यवसायाच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

कंपाउंडिंग पुन्हा सुरू करावे असे म्हटले की धोक्याचा प्रश्न पुढे येतो आणि तो यायलाच हवा. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी करून खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतील दोष उघड केले. अमेरिकेत २०१२ साली एका कंपाउंडिंग केंद्राने बनवलेल्या पाठीच्या इंजेक्शनांत बुरशी शिरली, ७५०हून अधिक लोक आजारी पडले, ६०हून अधिक मरण पावले, आणि पुढच्याच वर्षी तेथे नवा कायदा करावा लागला. या दोन घटनांचे बोध वेगवेगळे आहेत. पहिलीतून मूळ द्रव्य तपासल्याशिवाय वापरू नये हे कळते; दुसरीतून निर्जंतुक इंजेक्शने बनवणे आणि तोंडाने घ्यायचे औषध बनवणे ही दोन भिन्न जोखमीची कामे आहेत हे कळते. निर्जंतुक इंजेक्शनांचे काम तालुक्याच्या ठिकाणी कोणी मागू नये. तोंडाने घ्यायच्या औषधाचे काम प्रशिक्षित हातांनी आणि तपासलेल्या द्रव्यांनी करता येते, आणि त्याची गरज सातपुड्याच्या पट्ट्यात आज ठळकपणे उभी आहे.

ही गरज सिकलसेलच्या निमित्ताने समोर येते. रक्तातील लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा हा आनुवंशिक आजार सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांत आढळतो, आणि १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यावरील मुख्य औषध हायड्रॉक्सीयुरिया हे प्रामुख्याने ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मिळते. त्याची सुरुवातीची मात्रा दर किलो वजनास १५ ते २० मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे १० किलोच्या मुलाला १५० ते २०० मिलिग्रॅमच लागते. घरी कॅप्सूल उघडून चूर्णाचे अंदाजाने भाग करणे हा उपाय नाही, कारण हे औषध पेशींच्या वाढीवर परिणाम करणारे आहे, ते हाताला लागू नये आणि श्वासात जाऊ नये. हातमोजे घालून, बंदिस्त कपाटात, काट्यावर तोलून, त्या मुलाच्या वजनाप्रमाणे त्याचे द्रवरूप किंवा पुड्या करून देणे हेच येथे योग्य औषधकर्म आहे. हृदयरोगाच्या आणि अपस्माराच्या अनेक औषधांबाबत लहान मुलांची हीच अडचण आहे, आणि नळीतून अन्न घेणाऱ्या वृद्धांचीही.

चोपड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, औषधशास्त्राचे महाविद्यालय आहे, ‘एन’ परिशिष्टातील बहुतेक उपकरणे त्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतातच, आणि वजनाप्रमाणे औषध लागणारी मुले तालुक्याच्या उत्तरेकडील पाड्यांवर आहेत. जिल्ह्याची आरोग्ययंत्रणा, अन्न व औषध प्रशासन आणि महाविद्यालय यांनी मिळून तोंडाने घ्यायच्या व त्वचेवर लावायच्या औषधांपुरता सहा चौरस मीटरचा एक कंपाउंडिंग कक्ष रुग्णालयात सुरू करावा, आणि पदविकेच्या विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण तेथे घ्यावे.